सरकीच्या पोटातले पिवळे विष

कापसाचा हंगाम सुरू झाला की बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगावच्या जिनिंगांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. साऱ्यांची नजर पांढऱ्यावर असते. धागा किती लांब, ओल किती, कवडी किती, याचीच चर्चा चालते. पण एकदा वजनाचा हिशेब मांडून पाहावा. एक क्विंटल कापूस रेच्यातून काढला की रुई हाती येते साधारण 34-35 किलो. थोडी घट सोडली तर बाकी सारी सरकी, म्हणजे साठ किलोंच्या वर. वजनाने पाहिले तर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, हे आधी सरकीचे पीक आणि मग रुईचे. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. सरकी आणि ढेप (तेल काढून उरलेली पेंड) काय भावाने चालली आहे हे पाहिल्याशिवाय तो कापसाचा भाव काढत नाही. वायदेबाजारात सरकी ढेपेचा सौदा आला, तोही शेजारच्या अकोल्याचे केंद्र धरून.

ही सरकी टाकाऊ मुळीच नाही. तिच्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके तेल असते आणि त्याहून किंचित जास्त, सुमारे 23 टक्के, प्रथिने असतात. ज्वारीत असतात त्याच्या दुपटीहून अधिक. तरीही आपण सरकी शेंगदाण्यासारखी भाजून खात नाही, डाळीसारखी शिजवत नाही, अंगणातल्या कोंबड्यांपुढे मूठभर टाकतही नाही. इतके तेल आणि इतकी प्रथिने हाताशी असून सरकी माणसाच्या ताटापासून दूर राहिली, याचे कारण एक पिवळे सेंद्रिय रसायन आहे. त्याचे नाव गॉसिपॉल.

ते नुसत्या डोळ्यांनीही दिसते. एक सरकी घ्यावी, वरचे काळपट कडक टरफल फोडावे आणि आतला गर ब्लेडने आडवा कापावा. पांढुरक्या, घड्या पडलेल्या गरात सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके विखुरलेले दिसतील. साधे भिंग धरले तर कळते की तो डाग नाही, ती लांबट गोल पिशवी आहे, गडद तांबूस तपकिरी रंगाची. वनस्पतिशास्त्रात तिला ग्रंथी म्हणतात. एका ग्रंथीच्या वजनात पाचव्या हिश्श्यापासून थेट चाळीस टक्क्यांपर्यंत गॉसिपॉल भरलेले असते. ग्रंथीची भिंत विलक्षण आहे. तेल काढायला वापरतात त्या हेक्झेनसारख्या द्रावकात ती शाबूत राहते, पण पाणी लागले की लगेच फुटते आणि आतला माल बाहेर सांडतो. हेच ठिपके पऱ्हाटीच्या पानावर, देठावर, हिरव्या बोंडाच्या सालीवर असतात. पान उन्हाकडे धरून पाहिले तरी ओळखू येतात.

झाडाने हा खटाटोप उगाच केलेला नाही. पऱ्हाटीला पळून जाता येत नाही, तिला काटे नाहीत, आणि तिच्या बियांत तेल ठासून भरलेले आहे. किडे, अळ्या, उंदीर, डुकरे यांना यापेक्षा चांगली मेजवानी कोणती? म्हणून तिने आपल्या अंगभर हे विष पेरून ठेवले. अळीने पान कुरतडले की ग्रंथी फुटते, अळीची वाढ खुंटते. अर्थात किडीही शतकानुशतके शिकत आल्या आहेत. हिरव्या बोंडअळीच्या आतड्यात गॉसिपॉलचा निकाल लावणारे एक विकर असते. 2007 साली चिनी शास्त्रज्ञांनी त्या विकराचे जनुक बंद पाडून दाखवले, तेव्हा त्याच अळीला गॉसिपॉल सोसेना. गुलाबी बोंडअळी तर थेट सरकीच्या आत शिरून गर खाते आणि हंगाम संपला की दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात सुप्तावस्थेत पडून राहते. फरदड (वेचणी संपल्यावरही शेतात राखलेला कापूस) ठेवू नका, जिनिंगच्या आवारात सरकी उघडी पडू देऊ नका, असे कृषी विभाग दरवर्षी बजावतो, त्याचे मूळ इथे आहे.

माणसाचा या सरकीशी संबंधही जुना आहे. खामगावपर्यंत रेल्वे 1870 साली आली. जलंबहून फुटणारा तो छोटासा फाटा केवळ कापसासाठी टाकला होता आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडकला होता, वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे मँचेस्टरचे लक्ष लागले होते. रुईच्या गाठी मुंबईमार्गे विलायतेला गेल्या. सरकी मात्र इथेच राहिली. थोडी बियाण्याला, बाकी बैलांच्या दावणीला. अमेरिकेत त्या काळी जिनिंगवाले सरकी ओढ्याकाठी फेकून देत होते. वऱ्हाडातला शेतकरी ती भिजवून, शिजवून गुरांना घालत होता. रसायनशास्त्र कुणाला माहीत नव्हते, पण ती पद्धत बव्हंशी बरोबर होती. का बरोबर होती, हे समजायला जगाला पुढची अनेक दशके लागली.

1886 साली इंग्लंडमध्ये लाँगमोर याने सरकीच्या तेलाच्या गाळातून पहिल्यांदा गॉसिपॉलचा हा पिवळा रंग वेगळा काढला. 1899 मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ लेऑन मार्खलेव्हस्की याने तो शुद्ध स्फटिकरूपात मिळवला आणि कापसाच्या लॅटिन नावाला फिनॉलचे शेपूट जोडून त्याचे बारसे केले. त्याला तो कापड रंगवायला उपयोगी पडेल अशी आशा होती. सरकी खाऊन डुकरे का मरतात, हा प्रश्न तोवर अनुत्तरितच होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात विदर्स आणि कॅरुथ यांनी 1915 मध्ये दाखवून दिले की मारणारा तो हाच पिवळा रंग. त्याच्या रेणूची रचना रॉजर अॅडम्सने 1938 साली उलगडली.

रेणूचे सूत्र सी-30, एच-30, ओ-8. रेणुभार सुमारे 518.6. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनची दोन कडी असतात ना, तशा दोन जोडकड्या एका बंधाने पाठीला पाठ लावून जोडल्या आहेत. प्रत्येक अर्ध्यावर तीन हायड्रॉक्सिल गट आणि एक अल्डिहाइड गट. रंग पिवळाधमक. पाण्यात विरघळत नाही. अॅसिटोन, ईथर, क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळते. त्याचा वितळणबिंदू एकच सांगता येत नाही. ईथरमधून काढलेले स्फटिक 184 अंश सेल्सियसला वितळतात, क्लोरोफॉर्ममधून काढलेले 199 ला, लिग्रोइनमधून काढलेले 214 ला. पदार्थ तोच, स्फटिकाची बांधणी निराळी. तीव्र गंधकाम्लाचा थेंब पडला की ते लालभडक होते, फेरिक क्लोराइडने हिरवट काळे होते. अॅनिलीनशी त्याचे जे संयुग बनते त्याचा रंग मोजून प्रयोगशाळेत सरकीतले गॉसिपॉल ठरवतात.

रेणूतले दोन अर्धे एकमेकांभोवती मोकळेपणी फिरू शकत नाहीत, कारण बाजूचे गट आड येतात. त्यामुळे त्याची डावी आणि उजवी अशी दोन रूपे होतात आणि आपोआप एकातून दुसरे होत नाही. शेतातल्या सामान्य कापसात दोन्ही मिसळलेली असतात. विषारीपणात डावे रूप भारी. कापसाच्याच कुळातला पारोसा पिंपळ मात्र जवळजवळ निव्वळ उजवेच रूप तयार करतो. दोन्ही झाडांची सुरुवातीची सामग्री सारखी, मग एकाने फक्त उजवेच का निवडावे, हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत सुंदर कोडे वाटते.

कारखान्यात कुणी गॉसिपॉल जुळवून बनवत नाही. 1958 मध्ये एडवर्ड्सने प्रयोगशाळेत ते पूर्ण घडवले, पण झाड फुकट देते ते घडवत बसण्याचे कारण उरत नाही. काढण्याची रीत अशी. सोललेल्या सरकीच्या गराचे पापुद्रे करून आधी हलक्या पेट्रोलियम द्रावकाने तेल धुऊन काढतात. त्यात गॉसिपॉल फारसे उतरत नाही. मग ईथर किंवा पाणी मिसळलेल्या अॅसिटोनने ते ओढून घेतात. त्या अर्कात अॅसेटिक आम्ल घालून ठेवले की काही दिवसांत तळाशी पिवळे स्फटिक बसतात. ते असतात गॉसिपॉल आणि अॅसेटिक आम्ल यांच्या जोडीचे. ईथरमध्ये विरघळवून पाण्याने धुतले की आम्ल निघून जाते. शुद्ध माल अंधारात, थंडीत ठेवावा लागतो, नाहीतर हवेने खराब होतो. तेलाच्या शुद्धीकरणात उरणाऱ्या साबणगाळातूनही ते मिळवता येते.

आता मुख्य गोष्ट. विष नेमके करते काय?

गॉसिपॉलचे ते दोन अल्डिहाइड गट प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला धरून बसतात. पोटात गेल्यावर ते पाचक विकरांना धरते, अन्नातल्या प्रथिनांना धरते, रक्तातल्या लोहालाही धरते. जे गॉसिपॉल अजून कुणाला चिकटलेले नाही त्याला मुक्त गॉसिपॉल म्हणतात, आणि धोका त्याचाच. एकदा प्रथिनाला बांधले गेले की ते बव्हंशी निरुपद्रवी होते. उष्णता आणि ओल मिळाली की हे बांधणे वेगाने घडते. आपल्याकडे सरकी शिजवून गुरांना घालतात, त्यामागचे गुपित हेच. तोटा एवढाच की लायसिनही त्यात अडकून पडते आणि तेवढे पोषण कमी होते.

रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव आणि भरपूर प्रथिने असतात. तिथे मुक्त गॉसिपॉल पचनाच्या खऱ्या जागी पोचण्याआधीच बांधले जाते. म्हणून म्हैस, गाय, बैल ढेपेवर पोसतात. त्यालाही मर्यादा आहे. दुभत्या गायीला अख्खी सरकी दिवसाला तीन किलोंच्या आत असावी, असा पशुआहारातला सर्वसाधारण दंडक आहे. पैदाशीच्या वळूला तर ती जपूनच द्यावी, कारण शुक्रजंतूंवर गॉसिपॉलचा मार बसतो.

पण दोन महिन्यांच्या वासराला, वगारीला, करडाला कोठीपोट असे अजून तयारच झालेले नसते. ते अजून दुधावरचे जनावर असते, त्याचे पोट माणसाच्या किंवा डुकराच्या पोटासारखेच चालते. लवकर अंगावर यावे म्हणून त्याच्यापुढे मायेने ओंजळभर ढेप टाकली जाते. गॉसिपॉल एका दिवसात मारत नाही. ते साचत जाते. महिना, दोन महिने, कधी तीन महिने काहीच दिसत नाही. मग पिलू चारा कमी करते, केस राठ होतात, धाप लागू लागते. हृदय थकलेले असते, छातीत पाणी जमलेले असते, यकृत सुजलेले असते. काही पिले तर आदल्या संध्याकाळी बरी दिसतात आणि सकाळी गोठ्यात मेलेली सापडतात. यावर उतारा नाही. ढेप बंद करायची आणि चांगल्या प्रथिनांचा दुसरा आहार द्यायचा, एवढेच हाती असते, आणि तो बदलूनही धोका टळायला काही आठवडे जातात. जिल्ह्यात पऱ्हाटी नाही असे गाव शोधावे लागेल, ढेप प्रत्येक गोठ्यात आहे. तरीही ही साधी गोष्ट पोत्यावर कुठे छापलेली नसते, याचे मला वाईट वाटते.

कोंबडीवर त्याचा परिणाम वेगळाच दिसतो. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सरकी ढेप जास्त झाली की अंडे ताजे असताना ठीक दिसते, पण काही दिवस साठवून फोडले तर पिवळा बलक हिरवट तपकिरी झालेला असतो. बलकातले लोह आणि गॉसिपॉल एकत्र येऊन तो रंग तयार होतो. याच जोडीचा उलटा उपयोग खाद्य कारखाने करतात. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात फेरस सल्फेट मिसळले की लोह गॉसिपॉलला आधीच पकडून ठेवते आणि विष कमी होते.

ढेप कशी काढली यावरही बरेच अवलंबून असते. सरकी आधी शिजवून एक्स्पेलरमध्ये दाबली तर उष्णतेने बरेचसे गॉसिपॉल बांधले जाते आणि ढेपेत मुक्त गॉसिपॉल 0.05 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. न शिजवता थेट द्रावकाने तेल ओढले तर तेच 0.1 ते 0.5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडची बहुतांश सरकी टरफलासकट एक्स्पेलरला जाते. त्यामुळे ढेपेत टरफल आणि उरलेली रुई भरपूर असते, प्रथिने पातळ होतात आणि तेलही पुरते निघत नाही. टरफल काढून, शास्त्रशुद्ध रीतीने गाळप केले तर त्याच सरकीतून जास्त तेल आणि कितीतरी कसदार ढेप मिळेल. मुंबईच्या माटुंग्यातली सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञान संस्था 1924 पासून काम करते आहे. तिथल्या संशोधकांनी बुरशीच्या साहाय्याने ढेप आंबवून गॉसिपॉल कमी करण्याचे प्रयोगही केले आहेत.

तेलाचे पाहू. घाण्यातून नुकतेच निघालेले सरकीचे तेल तांबूस काळे असते. तो रंग मुख्यतः गॉसिपॉलचा. शुद्धीकरणात त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालतात. गॉसिपॉल आम्लधर्मी असल्यामुळे ते सोड्याशी जोडले जाऊन साबणगाळात उतरते. मग विरंजक मातीने उरलेला रंग काढतात आणि वाफेने वास घालवतात. शेवटी फिकट पिवळे, चवीला साधे तेल मिळते आणि ते खायला निर्धोक असते. अमेरिकेत 1911 साली बाजारात आलेले क्रिस्को हे वनस्पती तूप मुळात सरकीच्या तेलाचेच होते. आपल्याकडच्या कितीतरी फरसाणाची कढई आजही या तेलावर चालते. धोका आहे तो कच्च्या, न शुद्ध केलेल्या तेलात. ओळखीच्या गिरणीतून डब्यात भरून आणलेले काळसर सरकीचे तेल स्वयंपाकात कधीच वापरू नये, मग ते कितीही स्वस्त मिळो.

कच्च्या तेलाने काय होते ते चीनने भोगले आहे. 1950 च्या दशकात तिथल्या कापूस पिकवणाऱ्या काही भागांत कच्चे सरकीचे तेल खाण्यात आले. माणसे थकू लागली, अंगाची आग होऊ लागली, आणि काही गावांत मुले जन्माला येणेच थांबले. शोध घेता घेता बोट गॉसिपॉलकडे वळले. मग शास्त्रज्ञांनी याच गुणाचा उपयोग करायचे ठरवले. 1972 पासून आठ हजारांहून अधिक चिनी पुरुषांवर गर्भनिरोधक गोळी म्हणून त्याची चाचणी झाली. रोज 20 मिलिग्रॅम, दोन-अडीच महिने, पुढे कमी मात्रा. गुण 99 टक्क्यांच्या घरात आला. जगातली पहिली पुरुषांची गोळी हाती आली असे वाटत होते. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम इतके घसरले की हातपाय लुळे पडले, आणि दहातल्या एका किंवा त्याहून जास्त पुरुषांत गोळी सोडल्यावरही प्रजननक्षमता परत आली नाही. 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा मार्ग सोडून देण्याचा निर्णय घेतला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. डाव्या रूपाचे गॉसिपॉल पुढे कर्करोगावर तपासले गेले. पेशीला मरू न देणारी काही प्रथिने ते निकामी करते. रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण औषध म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही.

माणसाने सरकी खाल्लीच नाही असेही नाही. ग्वाटेमालात 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी इन्कापरिना नावाचे पीठ तयार केले, त्यात मक्याबरोबर सरकीचे पीठ होते. गॉसिपॉल मर्यादेत ठेवून ते हजारो घरांत गेले. अमेरिकी अन्न प्रशासनाने माणसाच्या खाण्यासाठी मुक्त गॉसिपॉलची मर्यादा दहा लाख भागांत 450 भाग ठरवली आहे, तर आंतरराष्ट्रीय संघटनांची 600 भागांची आहे.

यापेक्षा मूलगामी उपाय म्हणजे ग्रंथीच नसलेली पऱ्हाटी. अमेरिकेत मॅकमायकेल या संशोधकाला होपी आदिवासींच्या कापसात तसे गुण सापडले आणि 1950 च्या दशकात ग्रंथीहीन वाणे तयार झाली. शेतात लावली तेव्हा किडे, उंदीर, डुकरे यांनी ती फस्त केली, कारण झाडाचे सारे संरक्षणच काढून टाकले होते. टेक्सासमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी वेगळा मार्ग धरला. 2006 मध्ये त्यांनी गॉसिपॉल बनवणाऱ्या जनुकाला फक्त सरकीत गप्प केले. पाने, देठ, बोंडाची साल यांतले विष तसेच राखले. 2018 मध्ये त्या वाणाला अमेरिकेत लागवडीची आणि 2019 मध्ये खाण्याची परवानगी मिळाली. जगभरात वर्षाला पिकणाऱ्या सरकीत सुमारे पन्नास कोटी माणसांची प्रथिनांची गरज भागवण्याची ताकद आहे, असा राठोड यांच्या चमूचा अंदाज आहे.

भारतात हे वाण अजून शेतात आलेले नाही. आले तरी बुलढाण्यासाठी एक प्रश्न वेगळा विचारावा लागेल. इथली मुख्य कीड, गुलाबी बोंडअळी, सरकीतच घर करते. गरातले विष गेल्यावर ती आणखी सुखाने राहील का, हे घाटाखालच्या पूर्णाकाठच्या शेतात, इथल्याच पावसात, इथल्याच हंगामात तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. तोवर हातात असलेले काम सोपे आहे. ढेप विकताना तिच्यातले मुक्त गॉसिपॉल मोजून पोत्यावर छापणे, टरफल काढून गाळप करणाऱ्या गिरण्या वाढवणे, आणि गोठ्यात वासरू, वगार, करडू साधारण चार महिन्यांचे होऊन नीट रवंथ करू लागेपर्यंत त्यांच्यापुढे सरकी किंवा ढेप न टाकणे. तोपर्यंत त्यांना भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड घालावी. ती महाग पडते, पण त्यात गॉसिपॉल नसते.